एका घरातले तीन रिपोर्ट आणि खर्र्याची पुडी

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. मी नंदनवनला राहते, वय ३४. दोन महिन्यांत आमच्या घरी तीन रिपोर्ट आले आणि माझी झोप उडाली आहे. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, १५ वर्षांपासून बीपी आहे, गोळी कधी घेतात, कधी नाही. आता टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाची डावी भिंत जाड झाली म्हणून लिहून आलं. मुलगा सातवीत आहे. कबड्डी खेळताना पाय मोडला, ६ आठवड्यांनी प्लास्टर काढलं तर पोटरी काडीसारखी. आमच्या मिस्टरांना १७ वर्षांपासून खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारी-चुन्याची, सवय आहे, दिवसाला चार-पाच पुड्या होतात. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तिखट सहन होईना, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यात 'हायपरकेरॅटोसिस', 'माइल्ड एपिथेलियल डिस्प्लेशिया' आणि 'सबएपिथेलियल फायब्रोसिस' असं लिहिलं आहे. मोबाइलवर शोधलं तर हायपरट्रॉफी, अट्रॉफी, मेटाप्लेशिया असे शब्द एकामागून एक येत गेले आणि शेवटी कॅन्सर. यांना सांगितलं तर म्हणतात, "डॉक्टर म्हणाले ना कॅन्सर नाही म्हणून? मग काहून मागे लागून राहिली?" आमच्या घरात पेशींचा काही आजार आहे का? आणि यांचं म्हणणं खरं आहे का? माझं माहेर काटोलचं, वडिलांची संत्र्याची बाग आहे. शिक्षण बी.ए. आहे, तेव्हा समजेल असं सांगा.

— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, नाहीतर बाकीचं वाचताना तुमचा जीव त्यातच अडकून राहील. मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. या रिपोर्टात कॅन्सर नाही. पण 'म्हणून खर्रा चालतो' हे वाक्य त्यांनी स्वतः जोडलं आहे, रिपोर्टात ते कुठेही नाही. मी ३० वर्षं याच शहरात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून असेच तुकडे पाहिले. त्या अनुभवावरून सांगते, खर्रा सोडल्याचा सगळ्यात जास्त फायदा ज्या टप्प्यावर होतो, त्याच टप्प्यावर तुमचे मिस्टर आज उभे आहेत.

घरात पेशींचा आजार वगैरे काही नाही. तिघांच्या अंगावर तीन वेगळे भार पडले आणि तिघांच्या पेशींनी आपापल्या परीने ते सावरले, एवढंच.

तुमच्या बाबांची बाग आठवा. बहार धरायच्या आधी ते झाडांना ताण देतात. पाणी तोडतात, हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, नवी पालवी थांबते. झाड मेलेलं नसतं, खर्च आवरून बसलेलं असतं. मग ताण तोडला, की फूल लागतं. पण तोच ताण नको तितका लांबला, तर फांद्या वाळतात, त्यांच्या सल होतात, आणि मग कितीही पाणी सोडलं तरी ती फांदी हिरवी होत नाही. किती दिवस थांबायचं आणि पाणी नेमकं कधी सोडायचं, हे कळण्यातच बागायतदाराचं कसब असतं. पेशीही भार पाहून आपली वाढ कमी-जास्त करते, आणि तिलाही मागे फिरण्याची एक मुदत असते.

मुलाचं आधी उरकते, कारण त्याची काळजी सगळ्यात कमी आहे. ६ आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. स्नायूला काम नव्हतं. ज्याला काम नाही त्याला पोसणं शरीराला परवडत नाही, म्हणून स्नायूच्या पेशीने आतली प्रथिनं मोडून स्वतःला लहान केलं. याला अट्रॉफी म्हणतात. पेशी बहुतेक जागेवरच आहेत, फक्त आकसल्या आहेत. हाडाच्या डॉक्टरांनी पायावर भार द्यायला परवानगी दिली, की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकवून घ्या आणि रोज करवून घ्या. गुडघ्याखाली चार बोटांवर टेपने दोन्ही पोटऱ्या मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजीला तेल लावून मालिश करायची असेल तर मोडलेल्या जागेवर जोर न देता करू द्या, त्याला बरं वाटेल. पण मांस भरेल ते पायाने वजन उचलल्यावरच. ताटात वरण, अंडी, दूध, चणे असू द्या.

मामाजींची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बीपी वाढलेलं असतं, म्हणजे रक्त पुढे ढकलायला हृदयाच्या डाव्या कप्प्याला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. हातगाडीवाल्याचे दंड भरतात तसेच त्या भिंतीतले स्नायूही भरतात. पण इथे एक अडचण आहे. कातडीची किंवा यकृताची पेशी काम वाढलं, की दोन होते, दोनाच्या चार होतात. यकृत दान करणाऱ्याचं अर्ध्याहून अधिक यकृत काढलं, तरी उरलेलं काही महिन्यांत जवळपास पूर्वीएवढं भरून येतं. मोठ्या माणसाच्या हृदयाच्या पेशीला ही सोय जवळजवळ नाही. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हे मोठ्या कल्पकतेने मोजलं. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो माणसाच्या पेशींतल्या डीएनएमध्ये किती उतरला, यावरून त्यांनी हृदयातल्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत हृदयाच्या स्नायूतल्या वर्षाला सुमारे १ टक्का पेशीच नव्या होतात, आणि पंच्याहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं.

म्हणून हृदयाच्या पेशीकडे वाढलेल्या कामावर एकच उपाय उरतो, स्वतः जाड होणं. संख्या तीच, आकार मोठा, ही हायपरट्रॉफी. संख्या वाढली तर हायपरप्लेशिया. तुम्ही मोबाइलवर वाचलेल्या शब्दांपैकी या दोघांचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. दोन्ही एकत्रही घडतात, आणि ते तुमच्याच अंगात घडून गेलं आहे. मुलगा पोटात असताना तुमचं ६०-७० ग्रॅमचं गर्भाशय वाढत वाढत सुमारे एक किलोचं झालं. त्यात नव्या पेशीही आल्या आणि जुन्या पेशी कितीतरी पट मोठ्याही झाल्या. बाळंतपणानंतर साधारण ६ आठवड्यांत ते परत आवरलं. तेव्हा कुणी रिपोर्ट काढला नाही, म्हणून तुम्हाला भीती वाटली नाही इतकंच.

गर्भाशयावरचा भार ९ महिन्यांनी उतरतो. बीपीचा भार मात्र रात्रंदिवस, १५ वर्षं आहे. भिंत जाड होते, पण तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. पेशींच्या मध्ये तंतू साठतात, भिंत ताठर होते, ठोक्यांच्या मधल्या वेळात हृदय नीट भरत नाही. मग जिना चढताना दम लागायला लागतो. पुढे ही जाड भिंतच थकते आणि हृदय पसरतं. मामाजी गोळी कधी घेतात, कधी नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि मला सगळ्यात खटकलं ते हेच. बीपी नियमित ताब्यात राहिलं, तर जाड झालेली भिंत काही महिन्यांत-वर्षांत बऱ्याच अंशी कमी होते, हे इकोवर दिसतं. गोळी बरं वाटावं म्हणून घ्यायची नसते, त्या भिंतीवरचा भार उतरवण्यासाठी रोज घ्यायची असते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. त्यात लोणचं, पापड, चिवडा, सावजीचा रस्सा सगळं आलं. डॉक्टरांना विचारून वर्षभराने इको पुन्हा करा आणि दोन्ही रिपोर्टांवरचे भिंतीच्या जाडीचे मिलिमीटर शेजारी ठेवून मामाजींना दाखवा. आकडा उतरलेला पाहिला, की माणूस गोळी विसरत नाही.

मेटाप्लेशिया हा शब्द तुमच्या कुठल्याच रिपोर्टात नाही, पण वाचलात म्हणून सांगते. सतत त्रास देणाऱ्या जागेवर जुन्या जातीच्या पेशीऐवजी जास्त काटक जातीची पेशी येते, ती मेटाप्लेशिया. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत बारीक केसांच्या, कफ वर ढकलणाऱ्या पेशी असतात. धुराने त्या टिकत नाहीत, त्यांच्या जागी चपट्या, थरावर थर असलेल्या पेशी येतात. त्यांना धूर सोसतो, पण कफ ढकलता येत नाही. जुनी पेशी स्वतःचं रूप बदलत नाही. तळाशी असलेली मूळ पेशीच पुढची पिढी वेगळ्या जातीची घडवते. इथेही भार गेला तर बदल मागे फिरू शकतो.

आता खर्र्याकडे येते.

गालाच्या आतलं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या नीट रचलेल्या भिंतीसारखं दिसतं. तळाला गोल, सारख्या आकाराच्या पेशींची एक ओळ. फक्त तिथेच नवी पेशी जन्मते. मग ती वर सरकते, चपटी होत जाते आणि शेवटी गळून पडते. साधारण दोन आठवड्यांत सगळं अस्तर नवं होतं. तोंड आल्यावर इतकं लवकर बरं होतं ते यामुळेच. या भिंतीखाली एक पातळ पडदा असतो. त्याच्या खाली रक्तवाहिन्या, तंतू, स्नायू. तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टातले तीन शब्द म्हणजे या रचनेत खर्र्याने घडवलेल्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हायपरकेरॅटोसिस म्हणजे घट्टा. पहाटे पाणी भरणाऱ्या बाईच्या तळहाताला पडतो, विळा धरणाऱ्याच्या बोटाला पडतो, तोच. चुना, तंबाखू आणि सुपारीची कच रोज पाच वेळा एकाच गालात दाबली, की अस्तर स्वतःला वाचवायला वर जाड, कोरडा थर चढवतं. पांढरा चट्टा दिसतो तो हाच. यात घाबरण्यासारखं कमी आहे.

फायब्रोसिस पडद्याच्या खाली आहे आणि तो मुख्यतः सुपारीने केला आहे. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं, शिवाय ते तंतू मोडण्याचं काम मंदावतं. सुपारीतल्या तांब्यामुळे तंतू एकमेकांना आणखी घट्ट बांधले जातात. गाल आतून दोऱ्यांनी शिवल्यासारखा होतो, वरचं अस्तर मात्र पातळ पडतं. तिखट सोसत नाही ते म्हणून. मुंबईत डॉ. जोशी यांनी १९५३ साली याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. आज विदर्भात विशी-पंचविशीची पोरं तोंड उघडत नाही म्हणून दवाखान्यात येतात ती याचमुळे. घरी एक करून पाहा. मिस्टरांना स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगा. तिन्ही सहज गेली तर ठीक, दोनच गेली तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. आणि हे तुमच्यापासून लपवणार नाही, की एकदा बसलेले तंतू खर्रा सोडल्याने पूर्ण जात नाहीत. सोडल्याने पुढचं थांबण्याची, मंदावण्याची आशा असते. तोंड उघडण्याचे व्यायाम, इंजेक्शनं, गरज पडली तर शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत.

तिसरा शब्द डिस्प्लेशिया. आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत पेशी शहाणपणाने वागत होती. भार पाहून लहान झाली, मोठी झाली, घट्टा चढवला. डिस्प्लेशियात तो ताळमेळ सुटायला लागतो. तळाच्या ओळीतल्या पेशी लहान-मोठ्या, त्यांची केंद्रकं मोठी आणि गडद, विभाजन जिथे व्हायला नको तिथेही होताना दिसतं. 'माइल्ड' याचा अर्थ हा गोंधळ भिंतीच्या खालच्या एक तृतीयांश भागात आहे. मध्यापर्यंत चढला तर मॉडरेट, त्याच्याही वर गेला तर सिव्हिअर. खालचा पातळ पडदा शाबूत आहे, पेशी त्याच्या खाली उतरलेली नाही. तो पडदा फोडून पेशी खाली शिरल्या, की त्याला कॅन्सर म्हणायचं. 'कॅन्सर नाही' या दोन शब्दांमागे एवढाच पातळ पडदा आहे, हे मिस्टरांना माझ्या वतीने सांगा.

माइल्ड डिस्प्लेशिया असलेला प्रत्येक जण कॅन्सरपर्यंत जात नाही. बरेच जण तिथेच थांबतात, सवय सुटल्यावर काहींचे चट्टे जातातही. सबम्युकस फायब्रोसिसबाबत केरळात एर्नाकुलमला ६६ रुग्णांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं, त्यांतल्या ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. हा आकडा मी घाबरवायला सांगत नाही. १७ वर्षं खर्रा खाणाऱ्या माणसाला 'काही होत नाही' आणि 'सगळं संपलं' ही दोन्ही वाक्यं सोपी वाटतात, कारण दोन्हींत खर्रा सोडावा लागत नाही. दोन्ही खोटी आहेत. दुसरा पुरावा आशेचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटाने तीन राज्यांतल्या सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं भेटून, समजावून सवय सोडायला लावण्याचा प्रयत्न केला. पाच वर्षांनी पाहिलं, तर नवे पांढरे चट्टे होण्याचं प्रमाण चांगलंच घटलं होतं. औषध काही नव्हतं, फक्त भार कमी झाला होता.

एका ऑटोवाल्याची स्लाइड मला अजून आठवते. माइल्ड डिस्प्लेशिया, अगदी तुमच्या मिस्टरांसारखं. रिपोर्ट न्यायला आला तेव्हा त्यानेही विचारलं, कॅन्सर नाही ना? मी नाही म्हटलं आणि पुढच्या रिपोर्टाकडे वळले. रांग मोठी होती. तीन वर्षांनी त्याच नावाचा तुकडा पुन्हा टेबलावर आला, त्यात पडदा उरला नव्हता. त्या दिवशी त्याच्याशी पाच मिनिटं बोलायला हवं होतं. तेव्हापासून 'कॅन्सर नाही' असं सांगून मी कुणालाही लगेच जाऊ दिलं नाही.

आता काय करायचं ते. खर्रा सोडताना आमच्याकडे एक पळवाट नेहमी काढली जाते: तंबाखू सोडतो, साधी सुपारी खातो. ती चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारीलाच, तंबाखूशिवायही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं आहे. गोड सुपारी, पान मसाला, सगळं त्यातच आलं. तोंडात काही हवंच असेल तर बडीशेप, लवंग, ओवा, आवळा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातील. चिडचिड होईल, झोप लागणार नाही, डोकं दुखेल. दोन ते चार आठवड्यांत ते बरंच ओसरतं. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांची असते, तेवढा वेळ हात आणि तोंड कामात ठेवायचं. ज्या टपरीवर समोर पन्नीत घोटून देतात, त्या रस्त्याने महिनाभर जाऊ नका म्हणावं. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, फोनला पैसे लागत नाहीत. निकोटिनचा च्युइंगगम तोंडाच्या या अवस्थेत चालेल का, की पट्टी बरी, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि एक विनंती. रोज ओरडू नका. मामाजींची गोळी आणि मिस्टरांचा खर्रा एकाच कॅलेंडरवर आणा. बापाने गोळी घेतली, लेकाने खर्रा खाल्ला नाही, नातवाने व्यायाम केला, अशा तीन खुणा रोज रात्री मुलाकडून करवून घ्या. मुलगा हिशेब ठेवतो आहे म्हटल्यावर मोठ्या माणसांची टाळाटाळ कमी होते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

चट्टा पूर्ण काढून टाकायचा की लक्ष ठेवायचं, हे त्याची जागा आणि आकार पाहून डॉक्टर ठरवतील. पण दर तीन ते सहा महिन्यांनी तोंड दाखवणं चुकवू नका. तारीख येईपर्यंत थांबायचं नाही अशा काही गोष्टी आहेत: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढऱ्याऐवजी लाल झालेला चट्टा, हाताला लागणारी गाठ, रक्त, जिभेला किंवा ओठाला बधिरपणा, कारण नसताना हलणारा दात, कानात जाणारी कळ. यातलं काहीही दिसलं, तर त्याच आठवड्यात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मानेवाडा रोडच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जा. तुमच्या घरापासून दोन्ही फार लांब नाहीत.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. जिथे तपासणी झाली त्या लॅबमधून काचेची स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक न्यायला दुपारी जाणार असाल तर गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तापलेल्या डिकीत मेण मऊ पडतं आणि तुकडा खराब होतो. पर्समध्ये, रुमालात गुंडाळून न्या.